वासराचे उभे केस : एका लक्षणाचा भाषिक विचार

भाषाविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने वासरांच्या अंगावरील केसांविषयी लिहावे, हे पुष्कळांना अधिकारातिक्रमण वाटेल. विषय पशुवैद्यकाचा आहे, आणि त्या शास्त्रातील जे काही येथे सांगितले आहे ते पशुवैद्यकांनी प्रस्थापित केलेलेच आहे. त्यात माझी भर काही नाही. परंतु जनावराचे दुखणे पशुवैद्यापर्यंत पोहोचते ते शब्दांच्या वाटेने. वासराला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो गुराखी, मालक किंवा घरातील बाई. ह्या बोलण्यात कोणते भेद केलेले असतात, आणि तेच बोलणे छापील मराठीत उतरताना त्या भेदांचे काय होते, हा प्रश्न मात्र आमच्या शास्त्राच्या कक्षेतला आहे. तो मला सुचला तो माझ्याच एका चुकीतून. म्हणून आरंभ त्या चुकीपासून करणे बरे.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात अहिराणीच्या क्रियापदरूपांची टिपणे घेण्यासाठी मी नंदुरबार तालुक्यातील कोरीट ह्या गावी गेलो होतो. तापीच्या खोऱ्यातला हा प्रदेश उन्हाळ्यात भाजून निघत असला तरी थंडीतील तेथली पहाट चांगलीच बोचरी असते. एका घराच्या अंगणात दोन वासरे बांधलेली होती आणि दोघांच्याही अंगावरील केस ताठ उभे होते. ऊन अंगणात उतरल्यावर थोड्याच वेळात एकाचे केस बसले, दुसऱ्याचे बसले नाहीत. घरातील म्हातारीने पहिल्याकडे बोट दाखवून सांगितले, "त्याना केस थंडीमुये उभा ऱ्हायनात." मग दुसऱ्याकडे वळून ती म्हणाली, "याना केस ऊन पडनं तरी उभाच ऱ्हातस, भाऊ."

एकाच क्रियापदाची दोन रूपे एकाच बोलणाऱ्याच्या तोंडून, एकापाठोपाठ एक, आपण होऊन मिळावीत, हा क्षेत्रकार्य करणाऱ्याच्या दृष्टीने योगच म्हणावयाचा. 'ऱ्हायनात' हे भूतकाळी रूप, 'ऱ्हातस' हे वर्तमानकाळी. आणि दुसऱ्या वाक्यात 'उभा'ला जोडलेला 'च'. मी दोन्ही वाक्ये वहीत उतरवून घेतली आणि पुढील प्रश्नाकडे वळलो. पाच दिवसांनी काही शंका विचारण्यासाठी त्याच अंगणात गेलो तेव्हा खुंट्याला एकच वासरू होते. मी केलेले वर्णन (पोट सुटलेले, ढुंगणाला मातकट हगवण चिकटलेली, केस सदा उभे) ऐकून एका पशुवैद्य स्नेह्याने सांगितले की, पाहिल्यावाचून खात्री देता यावयाची नाही, पण बहुधा ते जंत असावेत; आणि जंत असतील तर ते वासरू वाचविता येण्यासारखे होते. म्हातारीने मला व्याधीचे लक्षण सांगितले होते, आणि मी उदाहरण म्हणून वाक्य लिहून घेतले होते.

आता त्या दोन वाक्यांतील भेद काय आहे ते पाहू. त्यासाठी आधी केसांकडे वळावे लागेल.

गाईबैलांच्या कातडीतील प्रत्येक केसाच्या मुळाशी तीन वस्तू असतात : एक घर्मग्रंथी, एक तैलग्रंथी आणि एक सूक्ष्म स्नायू. एरवी केस कातडीवर तिरपा पडून असतो. थंडी वाजली किंवा ताप चढू लागला म्हणजे तो स्नायू आकसतो आणि केस सरळ उभा राहतो. उभ्या केसांच्या दाटीत हवा कोंडली जाते आणि ही स्थिर हवा अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे काम क्षणात होते आणि कारण नाहीसे झाले की लवकरच उलटते. नुकत्याच जन्मलेल्या वासराचे अंग कोरडे असेल तर साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी ते जादा खर्चावाचून सोसू शकते. त्याखाली मात्र ऊब राखण्यासाठी त्याला शरीरातला साठा जाळावा लागतो, आणि त्याच्यापाशी साठा असतो तो थोडा. अंग भिजलेले असेल किंवा वारा लागत असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते, कारण ओले केस एकमेकांना चिकटतात व त्यांच्यामध्ये हवा राहत नाही. तेव्हा थंडीत उभे राहिलेले केस म्हणजे रोग नव्हे. ते शरीराचे चालू क्षणाचे उत्तर आहे.

ह्या उभ्या राहण्याचा शब्दांवर किती खोल ठसा उमटला आहे हे पाहण्यासारखे आहे. संस्कृतातील 'हृष्' धातूचा जुना अर्थ केस उभे राहणे, ताठरणे असा आहे, आणि तौलनिक व्याकरणात त्याची सांगड लॅटिनमधील 'हॉर्रेरे' ह्या क्रियापदाशी घालण्यात येते. त्याचाही अर्थ ताठ उभे राहणे, थरथरणे. शरीरातील घटना एकच. पण आपल्याकडे त्या धातूतून 'हर्ष' झाला आणि तिकडे त्याच कुळातून इंग्रजीतला भीतिवाचक 'हॉरर' निघाला. आयुर्वेदाने मात्र शब्दाला शरीरापासून फारसे दूर जाऊ दिले नाही : ज्वराच्या पूर्वरूपांत लोमहर्षाची गणना आहे, आणि तेथे आनंदाचा काही संबंध नाही. मराठीत 'रोमांच' भावनेच्या प्रांतात गेला, 'काटा' भीतीकडे व किळसेकडे झुकला, 'शहारा' थंडी आणि भीती ह्या दोहोंत वाटला गेला. वासराविषयी बोलताना ह्यांपैकी एकही शब्द सहसा कोणी वापरीत नाही. वासराच्या अंगावर काटा येत नाही. त्याचे केस उभे राहतात. गोठ्याच्या भाषेने भावना बाजूस ठेवून घटनेचे साधे वर्णन पसंत केले आहे.

पण ह्या साध्या वर्णनातच एक गुंतागुंत आहे. 'राहणे' ह्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. 'उभा राहणे' ह्या जोडीत ते 'उठून ताठ होणे' असा बदल दाखविते. स्वतंत्रपणे ते 'त्याच स्थितीत टिकणे' असा अर्थ दाखविते. 'केस उभे राहिले' ह्यात पहिला अर्थ आहे, काहीतरी घडले. 'केस उभेच राहतात' ह्यात दुसरा. काहीतरी घडावयास हवे होते ते घडत नाही. हा भेद दोन गोष्टींनी साधला जातो. एक, क्रियापदाचा काळ. दुसरी, 'च' ह्या अव्ययाची जागा. 'उभे' आणि 'राहतात' ह्यांच्यामध्ये शिरून 'च' त्या जोडीची घडी मोडतो आणि 'राहणे'ला त्याचा स्वतंत्र अर्थ परत देतो. प्रमाण मराठीत हे जसे होते तसेच अहिराणीत होते. कोरीटच्या म्हातारीचे दुसरे वाक्य ह्याच रचनेचे आहे. शिवाय तिने 'ऊन पडनं तरी' असे म्हणून कारण दूर झाल्याची अटही घालून दिली होती. थंडी हे कारण उरलेले नाही, तरी परिणाम टिकून आहे. म्हणजे कारण दुसरे असले पाहिजे. वैद्यकात ज्याला व्यवच्छेदक निदान म्हणतात त्याचा हा पहिला टप्पा होय, आणि तो तिने एका वाक्यात उरकला होता.

उभेच राहणाऱ्या केसांचे शरीरातील गणित निराळे आहे. कातडीबाहेर दिसणारा केस हा निर्जीव असतो; आज तो जसा दिसतो तसा तो काही आठवड्यांपूर्वी मुळाशी घडला. त्या काळात वासराला पुरेसे अन्न मिळाले नसेल, किंवा मिळालेले अन्न जंत खात असतील, तर नवा केस नीट घडत नाही. जुना केस वेळेवर गळत नाही. तैलग्रंथींचा स्राव कमी पडून केस कोरडा व राठ होतो. आजारी वासरू स्वतःचे अंग चाटणेही सोडते, त्यामुळे केस पिंजारलेले व मळलेले दिसू लागतात. उलट, सुदृढ वासराच्या पाठीवर व कुशीवर जिभेने केस वळवल्याच्या ओल्या रेषा दिसतात. सकाळी गोठ्यात जाणाऱ्याने त्या पाहाव्यात. थोडक्यात, थंडीने उभा राहिलेला केस आताची गोष्ट सांगतो, तर निस्तेज, राठ, न गळलेला केस मागच्या महिन्याची. एकाच अंगावर दोन काळ लिहिलेले असतात.

मराठीतील गुणवाचक शब्द ह्या दुसऱ्या काळाचे आहेत. 'तुकतुकीत' हा शब्द घ्या. 'चकचकीत', 'लखलखीत', 'गुळगुळीत', 'खरखरीत' ह्या मालिकेत तो रूपाने बसतो, पण अर्थाने थोडा वेगळा पडतो. तांब्या घासून चकचकीत करता येतो. वासरू घासून तुकतुकीत करता येत नाही. 'तुकतुकीत'मधील तेज आतून येते, आणि तो शब्द प्रायः सजीवाच्या अंगालाच लागतो. त्याच्या विरुद्ध बाजूस 'राठ', 'झिपरे', 'भुरकट' हे शब्द उभे आहेत. ह्यांतील एकही शब्द पशुवैद्यकाने घडविलेला नाही, तरी ते एक अनौपचारिक मोजमापच आहे. असे मोजमाप शास्त्राला त्याज्य असते असे समजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात टर्नर आणि श्लेगर ह्या संशोधकांनी १९६० साली गुरांच्या केसांच्या सात प्रती ठरविल्या : अत्यंत आखूड व अंगासरशी बसलेल्या केसांपासून फार लोकरट केसांपर्यंत. ही प्रतवारी डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून करावयाची होती. तिचा संबंध जनावरांच्या वाढीशी आहे असे त्यांना आढळले, आणि नितळ अंगाचा लाभ केवळ उष्णता बाहेर टाकण्यापुरता नसून तो शरीराच्या एकंदर स्थितीचा निदर्शक असावा, असे अनुमान त्यांनी काढले. दक्षिण आफ्रिकेत बॉन्स्मा ह्यांनी त्याआधीच, जनावराचे केस ओलसर करून तळहातांत चोळले असता त्यांचा नमदा बनतो की नाही, अशी साधी कसोटी योजिली होती. उष्ण प्रदेशात ज्यांच्या केसांचा नमदा बनतो ती गुरे नीट तग धरीत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही प्रतवारी असो वा आपला 'तुकतुकीत', दोहोंच्या मागे एक गृहीत नमुना असतो. खानदेशातील बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो तो गावठी गाईचा किंवा खिल्लारीचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पश्चिम खानदेशातील खिल्लार जातीला 'थिल्लारी' असे नाव आहे. आणि 'खिल्लार' ह्या शब्दाचा मोल्सवर्थच्या कोशातील अर्थ गुरांचा कळप असा आहे, म्हणजे जातीचे हे नाव मुळात समूहवाचक होते. ह्या जातीचे केस आखूड, बारीक आणि अंगाला चिकटलेले. तीच नजर जर्सी किंवा होल्स्टीन संकराच्या वासराकडे वळली म्हणजे त्याचे जन्मजात दाट केसही 'झिपरे' वाटू लागतात, आणि निरोगी वासराला औषध पाजले जाते. केसांची लांबी हा बऱ्याच अंशी आनुवंशिक गुण आहे : कॅरिबियन बेटांतील सेनेपोल जातीचे अतिआखूड केस प्रोलॅक्टिन ह्या संप्रेरकाच्या ग्राहकातील बदलामुळे येतात, हे २०१४ साली दाखविण्यात आले. शब्द तोच राहतो, परंतु ज्याच्याशी तुलना करावयाची तो नमुना बदललेला असतो. अर्थबदलाचा हा प्रकार आपण कोशात शोधतो. तो गोठ्यातही होत असतो.

रंगाच्या बाबतीतही असेच. खिल्लारीच्या नवजात वासराच्या टाळूवर गंजासारखा तांबूस रंग असतो व तो एकदोन महिन्यांत नाहीसा होतो. हा रोग नव्हे. परंतु काळ्या जनावराचा रंग तांबूस-भुरकट होऊ लागला, विशेषतः डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडी फिकट दिसू लागली, तर शरीरात तांबे कमी पडत असण्याची शक्यता असते. केसातील काळे रंगद्रव्य बनविणाऱ्या विकराला तांबे लागते. ते मिळाले नाही की काळा रंग पुरा होत नाही. एके ठिकाणी तांबडेपणा जाणे हे वाढीचे लक्षण, दुसऱ्या ठिकाणी तांबडेपणा येणे हे उणिवेचे. कोरीटच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस नवापूरपलीकडे डांगचा पावसाळी मुलूख लागतो. तेथील डांगी गुरांची कातडी तेलकट स्राव सोडते व त्यामुळे मुसळधार पावसातही त्यांचा निभाव लागतो. अशा जनावराच्या अंगाचा तेलकटपणा हा त्याचा गुण. आपल्या बोलण्यात 'तेलकट' हा शब्द एरवी दोष दाखविण्यासाठीच येतो.

आता वासरांकडे परत वळू. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते ह्या बाबतीत रिकामे. ती द्रव्ये त्याला मिळतात ती पहिल्या चिकातून, आणि चिकातील ती मोठी द्रव्ये आतड्यातून रक्तात शिरू देण्याची क्षमता पहिल्या २४ तासांच्या सुमारास संपते. पहिल्या सहा तासांतला चीक सर्वांत मोलाचा. वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जावा असा सर्वसाधारण दंडक आहे. वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये ही समजूत अनेक भागांत आढळते, आणि तिच्यामुळे हे तास निघून जातात. चिकाचा आपल्या स्वयंपाकघरातील अर्थ खरवसाशी जडलेला आहे. खरवसाविषयी मला आकस नाही, पण वासराचा वाटा आधी निघाला पाहिजे.

ह्याच पहिल्या तासांत गाय वासराला चाटते. संस्कृत 'वत्सल' म्हणजे मुळात वासराची ओढ असलेली गाय, त्यावरून 'वात्सल्य'. आज तो शब्द केवळ ममतेचा वाचक झाला असला तरी गाईची ममता अत्यंत उपयुक्त काम करीत असते : जिभेने चोळून ती वासराचे ओले केस सुकविते, आणि केस सुकले की त्यांत हवा कोंडली जाऊन ऊब टिकू लागते. कडाक्याच्या थंडीत व्यालेल्या गाईचे वासरू लगेच दूर केले तर तरटाने पुसून कोरडे करण्याचे हे काम माणसाला करावे लागते. विलग बांधलेली, अन्नात क्षार किंवा चोथा कमी पडलेली वासरे पुढे एकमेकांचे अंग चाटू लागतात व पोटात केसांचे गोळे साठवितात. आईचे चाटणे आणि हे चाटणे ह्यांना भाषा एकच क्रियापद वापरते. अर्थ ओळखावयाचा तो कर्ता आणि वय पाहून.

'वासरू' हा शब्द 'वत्सरूप' ह्यापासून आला, आणि 'वत्स'चा संबंध 'वत्सर' म्हणजे वर्ष ह्याच्याशी; वर्षाचे जनावर, असा त्याचा मूळ भाव. लॅटिनमधील वासराचा वाचक 'व्हिटुलुस' हा शब्द ह्याच कुळातला मानतात. तो आपल्याला पुन्हा भेटतो तो एका जंताच्या शास्त्रीय नावात : टॉक्सोकॅरा व्हिटुलोरम, म्हणजे वासरांचा टॉक्सोकॅरा. आपल्या 'वासरां'चे हे दूरचे चुलत रूप ज्याच्या नावात आहे तो जंत गाई-म्हशींच्या वासरांचा, आणि विशेषतः रेडकांचा, मोठा वैरी आहे. त्याचा मार्ग ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त पडून असतात. विण्याच्या सुमारास त्या जाग्या होऊन कासेत उतरतात आणि दुधावाटे वासराच्या पोटात जातात. म्हणून गोठा कितीही स्वच्छ असला तरी वासरू ह्यातून सुटेल असे नाही. सुमारे तीन आठवड्यांत जंत आतड्यात पूर्ण वाढतात. मग पोट सुटणे, मातकट व घाण वासाची हगवण, श्वासाला खवट लोण्यासारखा वास, वाढ खुंटणे, आणि ते सदा उभे राहणारे केस. चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत वासरू टिकले तर पुष्कळदा जंत आपोआप पडून जातात. पण ते टिकले तर. ह्या जंतासाठी पहिले औषध जन्मानंतर दहाव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत द्यावे असे पशुवैद्य सांगतात (औषध व मात्रा अर्थातच त्यांनी ठरवावयाची).

ह्यातील तारखा नीट पाहिल्या पाहिजेत. औषधाचा दिवस दहावा, आणि केसांनी बोलावयाचे ते त्यानंतर कित्येक दिवसांनी. म्हणजे 'उभाच ऱ्हातस' हे निरीक्षण खरे असले तरी ते उशिराचे आहे. चिकाच्या बाबतीत तर केस काहीच बोलत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात हगवणीने किंवा रक्तातील जंतुसंसर्गाने दगावणारे वासरू अनेकदा तुकतुकीत अंगानेच दगावते, कारण त्याचे केस घडले ते आईच्या पोटात, जेव्हा सर्व ठीक होते. अशा वेळी पाहावयाचे ते केस नव्हेत, तर मानेवरील कातडीची चिमट : सोडल्यावर ती तात्काळ बसते की घडी तशीच राहते, आणि डोळे खोल गेले आहेत का. कातडी आजचे सांगते, केस कालचे. लोकभाषेतील ज्ञानाविषयी लिहिताना आमच्या क्षेत्रात त्याची भलामण करण्याची खोड आहे. त्या ज्ञानाची पोहोच कोठे संपते हे सांगणेही अभ्यासकाचेच काम आहे.

काळाप्रमाणेच स्थळाचाही एक भेद आहे. तो थोडक्यात नोंदवितो. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात लम्पी चर्मरोग खानदेशात जळगाव जिल्ह्यात आढळला व पुढे राज्यभर पसरला. त्यात वासरेही बरीच दगावली. त्या रोगात गाठी डोळ्यांना स्पष्ट दिसण्यापूर्वी त्यांच्यावरचे केस ठिकठिकाणी, झुपक्यांनी उभे राहिलेले दिसतात. गजकर्णात डोळ्यांभोवती व मानेवर वाटोळे चट्टे पडून केस गळतात व करडी खपली धरते. हा रोग माणसालाही लागतो. तेव्हा 'केस उभे' एवढे पुरत नाही. 'सर्वांगावर' की 'ठिकठिकाणी', हे क्रियाविशेषण निदानाचा अर्धा भाग असते.

आता छापील मराठी. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पत्रकांत वासरांच्या रोगांची लक्षणे जवळजवळ नेहमी एकाच व्याकरणी साच्यात दिलेली असतात : 'भूक मंदावणे, पोट मोठे होणे, केस उभे राहणे, त्वचा निस्तेज होणे.' हे '-णे'चे धातुसाधित नाम यादीला सोयीचे आहे, पण त्याला काळ नाही आणि व्याप्ती नाही. 'केस उभे राहणे' ह्यात 'राहिले' आणि 'राहतात' हे दोन्ही विरघळून जातात; 'राहणे'चे दोन अर्थ पुन्हा एक होतात; 'च'ला तर यादीत जागाच उरत नाही. म्हातारीने जो भेद केला होता तो पत्रक पुसून टाकते. वाचणारा एक तर थंडीने शहारलेल्या प्रत्येक वासराला रोगी समजेल, नाही तर सगळेच उभे केस थंडीवर घालील. दुसरी शक्यता मला अधिक वाटते, कारण तिच्यात खर्च नाही.

शिवाय हे पत्रक ज्याच्या हाती पडावयाचे त्याची घरची भाषा प्रमाण मराठी असेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. ग्रिअर्सन ह्यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीची आणि भिल्ली बोलींची मांडणी एकत्र केली. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद आहेत, परंतु ह्या बोली एकमेकींच्या शेजारी, बहुधा एकाच माणसाच्या तोंडी, नांदतात ही वस्तुस्थिती आहे. अशा वाचकाला 'निस्तेज त्वचा' ह्या शब्दांनी अडखळण्याची भीती आहेच. पण शब्द सोपे केल्याने प्रश्न सुटत नाही, हे माझे म्हणणे आहे. 'निस्तेज'च्या जागी 'राठ' घातला तरी '-णे' तसेच राहते. अडचण शब्दसंग्रहाची कमी आणि क्रियापदाची अधिक आहे.

म्हणून पशुवैद्य स्नेह्याच्या विनंतीवरून वासरांच्या पाहणीसाठी आम्ही जी प्रश्नावली तयार केली तीतून '-णे' काढून टाकले. लक्षणांची यादी न देता प्रश्न विचारले : पहाटे केस उभे होते का? ऊन लागल्यावर बसले का? सगळ्या अंगावर उभे आहेत की काही जागी? किती दिवसांपासून? वासरू स्वतःला चाटते का? आणि ह्या सर्वांच्या आधी, पहिल्या ओळीत : व्याल्यावर किती वेळाने चीक पाजला, आणि जंताचे औषध कितव्या दिवशी दिले? ह्यांतील दुसरा प्रश्न, 'ऊन लागल्यावर बसले का', कोरीटच्या अंगणातला आहे. पावसाळ्यात ऊन मिळण्याची खात्री नसते. त्या महिन्यांसाठी त्याच्या जागी असे घातले आहे : तरटाने अंग कोरडे करून, वारा लागणार नाही अशा जागी बांधून तासाभराने पाहिले, तेव्हा केस बसले होते का?